रात्रीच्या अंधारात इस्रोच्या उपग्रहाला गच्चीवर झोपलेला माणूस दिसतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इस्रोचा ईओएस-०८ हा छोटा उपग्रह इन्फ्रारेड कॅमेऱ्याने रात्रीसुद्धा फोटो काढतो असं वाचलं. उन्हाळ्यात आमचं अख्खं घर गच्चीवर झोपतं. मग आता वरून आम्हीही दिसणार का?

नाही दिसणार, खुशाल झोपा. पण त्यामागचं कारण बहुतेकांना वाटतं ते नाही. "इस्रो असं करणार नाही" किंवा "कायद्याने बंदी आहे" अशा भरवशावर मी हे सांगत नाही. कारण प्रकाशाच्या तरंगलांबीत आहे आणि तिथे कोणाचाच इलाज चालत नाही.

मी अवकाश संशोधनातला माणूस नाही, आधीच सांगतो. एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. पॅनेलची थर्मोग्राफी करणं हा माझ्या कामाचा भाग. लोड चालू असताना थर्मल कॅमेरा घेऊन प्रत्येक जोड बघायचा. जिथे कनेक्शन लूज असेल तो जोड शेजारच्या दोघांपेक्षा गरम दिसतो. त्यामुळे या कॅमेऱ्याच्या खोड्या मला रोजच्या ओळखीच्या आहेत. उपग्रहांचा नाद त्यानंतर लागला.

आधी एक गोंधळ काढून टाकू. सोसायटीच्या गेटवरचा सीसीटीव्ही रात्री काळंपांढरं चित्र दाखवतो, तेही इन्फ्रारेडच. पण त्या कॅमेऱ्याभोवती बारीक एलईडी असतात आणि ते डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकत असतात. तो प्रकाश समोरच्या माणसावर आपटून परत येतो तेव्हा चित्र उमटतं. म्हणजे ती एक बॅटरीच झाली, फक्त आपल्याला न दिसणारी. पावणेपाचशे किलोमीटरवरून अशी बॅटरी मारणं शक्य नाही. उपग्रहातला रात्रीचा इन्फ्रारेड कॅमेरा जमिनीतून, पाण्यातून, भिंतींतून, झाडांतून आपसूक बाहेर पडणारी उष्णता टिपतो. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे किरण सोडतच असते, सूर्य असो वा नसो. वस्तू जितकी गरम तितकी तिच्या किरणांची तरंगलांबी आखूड. सूर्याचा पृष्ठभाग ५,८०० केल्विनच्या आसपास, म्हणून त्याचा जोर ०.५ मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपल्या डोळ्यांच्या टापूत. साध्या जमिनीचं तापमान ३०० केल्विन, म्हणजे २७ अंश सेल्सिअस धरलं तर तिचा जोर येतो साधारण १० मायक्रॉनवर. पेटलेल्या आगीचा जोर ३ ते ४ मायक्रॉनवर.

हे दोन आकडे लक्षात ठेवा, १० आणि ४. बाकी सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

आता नेमकं वर काय गेलं ते. १६ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी ९ वाजून १७ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून एसएसएलव्ही-डी३ या रॉकेटने ईओएस-०८ ला वर नेलं. वजन १७५.५ किलो. कक्षा ४७५ किलोमीटर उंचीची, जवळपास गोल, विषुववृत्ताशी ३७.४ अंशांचा कल असलेली. मोहीम १ वर्षाची ठरवलेली. आत तीन उपकरणं. त्यातलं एक जीपीएससारख्या उपग्रहांचे समुद्रावरून, जमिनीवरून परावर्तित झालेले संकेत पकडून वारा आणि जमिनीतली ओल अजमावणारं. दुसरं गगनयानाच्या खिडकीपाशी अतिनील किरण किती येतील ते मोजण्याची चाचणी घेणारं. तुमच्या प्रश्नाशी संबंध तिसऱ्याचा. त्याला ईओआयआर म्हणतात, आणि ते मध्यम व दीर्घ अशा दोन इन्फ्रारेड पट्ट्यांत दिवसा आणि रात्री चित्रं घेतं. मध्यम पट्टा ढोबळमानाने ३ ते ५ मायक्रॉनचा, दीर्घ पट्टा ८ ते १२ किंवा १४ मायक्रॉनचा. मधला ५ ते ८ चा भाग जमीन बघायला कोणी वापरत नाही, कारण हवेतली वाफ तिथे सगळं गिळून टाकते. थोडक्यात, एक पट्टा १० जवळचा आणि एक ४ जवळचा.

इस्रोने या उपकरणाचे जे उपयोग जाहीर केले त्यात टेहळणी आहे, आपत्ती आणि पर्यावरणावर नजर आहे, वणवे, ज्वालामुखी आणि कारखाने-वीजकेंद्रांतल्या दुर्घटना आहेत. टेहळणी हा शब्द मी मुद्दाम गाळला नाही. तुमची शंका अगदीच हवेतली नाही, एवढ्यासाठी.

पण टेहळणी कशाची होऊ शकते ते हिशेबाने बघू. दुर्बिणीला किती बारीक दिसेल हे दोन गोष्टींवर ठरतं: आरशाचा व्यास आणि प्रकाशाची तरंगलांबी. तरंगलांबी वाढली की चित्र धूसर होतं. समजा उपग्रहात ३० सेंटीमीटरचा आरसा आहे. (हे माझं गृहीतक, इस्रोचा आकडा नव्हे. पावणेदोनशे किलोच्या उपग्रहाला शोभेल असा घेतलाय.) ४७५ किलोमीटरवरून डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात त्याला १ मीटरच्या आसपासचा बारकावा मिळेल. ४ मायक्रॉनला तेच जवळपास ८ मीटर होतं आणि १० मायक्रॉनला १९ मीटर. कॅमेरा कितीही भारी बसवा, हा आकडा हलत नाही. तो हलवायला आरसा मोठा करावा लागतो, आणि आरसा मोठा केला की उपग्रह छोटा राहत नाही.

आता या १९ मीटरच्या चौकोनात, म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्यात, एक माणूस झोपवा. चौकोन झाला साडेतीनशे चौरस मीटरहून मोठा. माणूस वरून दिसतो फार तर पाऊण-एक चौरस मीटर. गच्चीपेक्षा तो ८ अंशांनी गरम आहे असं उदारपणे धरलं, तरी त्या ठिपक्याचं सरासरी तापमान जेमतेम ०.०२ अंशाने वाढतं. तेही चादर न घेता झोपला असेल तर. ८ मीटरच्या ठिपक्यात फरक जरा मोठा, ०.१ अंशाच्या घरात येतो. म्हणजे कागदावर पकडता येईल असा. पण प्रत्यक्षात गच्ची कधी एकसारखी नसते. स्लॅब संध्याकाळी तापलेला असतो, पाण्याची टाकी वेगळी, सोलरचं पॅनेल वेगळं, कठड्याच्या आडोशाचा भाग आणखी वेगळा. हे फरक सहज दोन-तीन अंशांचे. त्या गोंधळात तुमचा ०.१ अंश कुठल्या कुठे हरवतो. मे महिन्यात तर स्लॅब आणि तुम्ही यांत जास्त गरम कोण, हाच प्रश्न असतो.

त्यात उपग्रह थांबून बघत नाही. त्याची सावली जमिनीवरून सेकंदाला ७ किलोमीटरच्या वेगाने सरकते. ८ मीटरचा तुकडा एका मिलिसेकंदाच्या आसपास मागे पडतो. तेवढ्या वेळात पुरेशी उष्णता गोळा व्हावी म्हणून काही उपग्रह पुढे जाता जाता मान मागे वळवत राहतात. तरीही संवेदक (सेन्सर) फार नाजूक लागतो. मध्यम पट्ट्याचे बरेचसे चांगले संवेदक उणे १९० अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागतात, नाहीतर संवेदकाची स्वतःचीच उष्णता चित्रावर पसरते. त्यासाठी उपग्रहात एक छोटा शीतक सतत चालवायचा. तो वीज खातो आणि थरथरतोही. ईओएस-०८ ची वीजनिर्मितीच मुळात ४२० वॉटच्या घरातली. घरातली मिक्सरची मोटर याहून जास्त घेते.

आमच्या हातातले कॅमेरे दीर्घ पट्ट्याचे असतात, त्यांना थंड करावं लागत नाही. पण त्यांच्यावरून एक गोष्ट पक्की कळते: थर्मल चित्र बघताना डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. चकचकीत तांब्याचा बसबार (पॅनेलमधली वीज वाहणारी पट्टी) ७० अंशांना असला तरी कॅमेरा तो थंड दाखवतो, कारण चकचकीत धातू उष्णता फार कमी सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. म्हणून आम्ही त्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून मग मोजतो. उपग्रहाचंही हेच. नवे चकचकीत पत्रे रात्री वरून विलक्षण थंड दिसतात, कारण त्यांच्यात वरचं गार आकाश उमटलेलं असतं. शेजारचं कौलारू घर तितक्याच तापमानाला असून जास्त गरम दिसेल. काचेचं आणखी वेगळं. दीर्घ पट्ट्यातले किरण साध्या काचेतून जातच नाहीत. थर्मल कॅमेरा खिडकीवर रोखला तर पलीकडचं काही न दिसता आपलीच आकृती दिसते. त्यामुळे या कॅमेऱ्यांची भिंगं काचेची नसून बहुधा जर्मेनियमची असतात, डोळ्यांना करड्या आरशासारखी. घराच्या आत बघण्याची गोष्ट इथेच संपते. छप्पर, भिंत, काहीच पार होत नाही. सिनेमात भिंतीपलीकडची लालपिवळी माणसं दाखवतात ती निव्वळ थाप.

ढगही पार होत नाहीत. आपल्याकडे हा मुद्दा फार मोठा आहे. ऑगस्टमध्ये हा उपग्रह सुटला तेव्हा अर्धा महाराष्ट्र ढगाखाली असणार. तसल्या दिवसात इन्फ्रारेड कॅमेऱ्याला ढगांच्या माथ्याचं तापमान कळतं, खालचं काही नाही. हवामान खात्याला नेमकं तेच हवं असतं. रात्री बातम्यांत दाखवतात ती इन्सॅटची ढगांची चित्रं इन्फ्रारेडचीच. तो उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असल्यामुळे त्याचा एक ठिपका ४ किलोमीटरचा असतो आणि ढगांसाठी तो पुरतो. पावसाळ्यात जमीन बघायची तर रडार लागतं. जुलै २०२५ मध्ये गेलेला निसार हा त्या जातीचा.

मग एवढी सगळी कुंपणं असताना हा कॅमेरा पाठवायचा कशाला? माझ्या मते याचं उत्तर त्या ४ मायक्रॉनमध्ये आहे, आणि माणसं शोधण्यापेक्षा ते कितीतरी जास्त रंजक आहे.

३०० केल्विनची जमीन आणि ८०० केल्विनची आग शेजारी ठेवा. १० मायक्रॉनच्या पट्ट्यात, ११ धरला तरी, तेवढ्याच क्षेत्रफळाची आग जमिनीपेक्षा साधारण १९ पट तेजस्वी असते. ४ मायक्रॉनला हाच आकडा १,८०० पटींच्या पुढे जातो. म्हणजे ठिपक्याचा हजारावा भाग पेटलेला असला तरी मध्यम पट्ट्यात त्या ठिपक्याचं तेज जवळपास तिपटीला पोचतं, आणि दीर्घ पट्ट्याला मात्र पत्ताही लागत नाही. या दोन पट्ट्यांच्या फरकावरूनच आग आहे की नुसता तापलेला कातळ, किती भाग पेटलाय आणि किती तापमानाला, याचा अंदाज काढतात. ठिपक्यापेक्षा कितीतरी लहान वस्तू पकडण्याची ही युक्ती फक्त खूप गरम वस्तूंना लागू पडते. म्हणून तुम्ही गच्चीवर दिसत नाही, पण शेजारच्या फडात कोणी रात्री उसाचं पाचट पेटवलं तर ते दिसायला हरकत नाही.

रात्रच का, तर दिवसा ४ मायक्रॉनला सूर्याचं परावर्तनही मिसळतं. तळ्यावरची चमक, पत्र्यांची तिरीप यांनाच आग समजलं जातं. रात्री ती भानगड नाही. शिवाय दिवसातून दोनदा, सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तानंतर, अशी वेळ येते की जमीन, पाणी, रस्ता सगळ्यांची तापमानं एकमेकांना ओलांडतात आणि चित्र सपाट होऊन जातं. पहाटेचं चित्र सगळ्यात स्वच्छ. उजनीचा जलाशय दुपारी आसपासच्या रानापेक्षा काळा, म्हणजे थंड दिसेल. पहाटे तोच उजळ दिसेल, कारण रान निवलेलं असतं आणि पाण्याने ऊब धरून ठेवलेली असते.

इथे त्या ३७.४ अंशांच्या कलाचा अर्थ लागतो. पृथ्वीचे फोटो काढणारे बहुतेक उपग्रह ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत ठेवतात, म्हणजे ते जेव्हा येतात तेव्हा एका ठरावीक वेळीच डोक्यावर येतात. बऱ्याचदा सकाळी साडेदहाच्या सुमारास, चांगला उजेड बघून. ईओएस-०८ ची कक्षा तशी नाही. माझ्या हिशेबाने ती सूर्याच्या संदर्भात रोज साधारण २८ मिनिटांनी अलीकडे सरकते, आणि सात आठवड्यांत चोवीस तासांचं चक्र पुरं होतं. तेच ठिकाण कधी दुपारी, कधी मध्यरात्री, कधी पहाटे बघायला मिळतं. उजेडावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला हे परवडणार नाही, उष्णतेवर चालणाऱ्याला हेच हवं. शिवाय इतक्या कलाचा उपग्रह ३७.४ अक्षांशाच्या पलीकडे जातच नाही आणि भारताचं उत्तर टोक ३७ अंश ६ मिनिटांवर आहे, तेव्हा ३७.४ हा आकडा सहज निवडला असेल असं मला वाटत नाही. या कक्षेत ध्रुवांवर एक क्षणही फुकट जात नाही, उत्तर गोलार्धातला सगळा वेळ आपल्या आणि शेजाऱ्यांच्या अक्षांशांवर. टेहळणी म्हणायची ती ही. रात्री कुठलं वीजकेंद्र चालू आहे, कुठल्या धक्क्यावर गरम इंजिनाचं जहाज उभं आहे, अशी.

हा या जातीचा पहिला प्रयत्न नव्हता. ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्हीच्या पहिल्याच उड्डाणात ईओएस-०२ हा इन्फ्रारेड उपग्रह होता. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्यांनी वेगातला बदल मोजणारे प्रवेगमापक क्षणभर गोंधळले, संगणकाने ते सगळे नादुरुस्त ठरवले आणि रॉकेटला पर्यायी मार्गावर टाकलं. शेवटी वेग सेकंदाला ५६ मीटरने कमी पडला. ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी दूरचं टोक ३५६ आणि जवळचं ७६ किलोमीटरवर अशी लांबट कक्षा मिळाली. ७६ किलोमीटरवर हवा लागते, उपग्रह गेला. पुढच्या उड्डाणात त्या टप्प्याची सुटण्याची रचनाच बदलली.

आणि त्याच्याही कितीतरी आधी, २२ ऑक्टोबर २००१ रोजी, श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३ ने जर्मनीचा 'बर्ड' नावाचा ९२ किलोचा उपग्रह सोडला होता. हेच दोन पट्टे, हेतू वणवे शोधण्याचा. त्याचा एक ठिपका जमिनीवर १८५ मीटरचा होता, जेव्हा नासाचा त्या कामाचा नावाजलेला मोडिस कॅमेरा १ किलोमीटरच्या ठिपक्यावर चालत होता. छोट्या उपग्रहाला हे जमतं हे खऱ्या अर्थाने तिथे सिद्ध झालं, असं मी मानतो. आपल्याकडे मात्र त्याची कोणाला आठवण नाही, कारण त्या उड्डाणात सगळ्यांचं लक्ष आपल्या टीईएस या उपग्रहावर होतं. जर्मनांचा त्याच कुळातला 'बायरॉस' पुढे २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने गेला. विषय निघालाच आहे तर: पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला १ किलोचा 'स्वयम्' त्याच रॉकेटमध्ये होता.

"पण खासगी कंपन्यांचे उपग्रह याहून बारीक बघतात ना?" असं कोणी विचारेल. बघतात. ब्रिटनमधल्या सॅटव्यू कंपनीचा हॉटसॅट-१ जून २०२३ मध्ये गेला, तो मध्यम पट्ट्यात ३.५ मीटरपर्यंत उतरला होता. सहा महिन्यांत त्याचा कॅमेरा बिघडला. ३.५ मीटरमध्ये इमारत सुटी दिसते, तिच्या छतावरचा गरम-थंड भाग दिसतो, धावती आगगाडी दिसते. माणूस तिथेही ठिपक्याहून लहानच.

स्वतः बघायचं असेल तर ईओएस-०८ ची चित्रं शोधत बसू नका. नासाचा 'फर्म्स' नावाचा आगींचा नकाशा सगळ्यांना मोफत खुला आहे. त्यात व्हीआयआयआरएस या कॅमेऱ्याचे ३७५ मीटरचे ठिपके निवडा; तो कॅमेरा आपल्यावरून रात्री आणि दुपारी दीडच्या सुमारास जातो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनखात्याला वणव्याचे इशारे पाठवते तेही याच कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून. मार्च-एप्रिलमधली एखादी तारीख घेऊन गडचिरोली आणि मेळघाट उघडा, मोहफुलं आणि तेंदूपानांच्या हंगामात ठिपके कसे दाटतात ते दिसेल. नंतर नकाशा मुंबईच्या पश्चिमेला सरकवा. किनाऱ्यापासून दीडशे-एक किलोमीटरवर भर समुद्रात लाल ठिपके दिसले तर दचकू नका. ती मुंबई हायच्या फलाटांवर जाळला जाणारा वायू आहे, आणि तो बारा महिने जळतो.